उपचारातील हेळसांड आणि आत्महत्या : कुटुंबीयांसाठी कायद्याचे मार्ग

घरातील व्यक्तीचा आत्महत्येने मृत्यू झाल्यानंतर कुटुंबाच्या वाट्याला येणारे दुःख इतर मृत्यूंच्या दुःखाहून वेगळे असते. त्यात ‘आपलेच काही चुकले का’ ही टोचणी असते, पोलिसांचे प्रश्न असतात आणि नातेवाइकांची कुजबुजही असते. मृत व्यक्ती मानसोपचार घेत असेल, रुग्णालयात दाखल असेल किंवा नुकतीच घरी आलेली असेल, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्यांच्या भरवशावर रुग्णाला सोपवले, त्यांनी आपले काम नीट केले होते काय?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार भारतीय कायद्याने कुटुंबाला दिलेला आहे. मात्र त्याचे उत्तर देणारे एकच कार्यालय नाही. पोलीस, ग्राहक आयोग, वैद्यक परिषद, मानवी हक्क आयोग आणि न्यायालये अशा अनेक दारांवर हा अधिकार विभागला गेला आहे. प्रत्येक दाराची मुदत वेगळी, पुराव्याची अपेक्षा वेगळी आणि मिळणारा दिलासाही वेगळा. बहुतांश कुटुंबे शोकातून आणि लोकलज्जेतून सावरेपर्यंत कागदपत्रे हाताबाहेर गेलेली असतात आणि मुदत उलटण्याच्या बेतात असते. म्हणून हे मार्ग आधीच ठाऊक असणे आवश्यक ठरते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. यातील प्रत्येक मृत्यूमागे मानसिक आजार असतोच असे नाही आणि आजार असला तरी प्रत्येक वेळी उपचार करणाऱ्यांचा दोष असतोच असेही नाही. परंतु जेथे दोष असतो, तेथे तो तपासला जाणे हा कुटुंबाचा हक्क होय.

निष्काळजीपणा कशास म्हणावे?

रुग्ण दगावला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. सर्वसामान्य कौशल्य असलेल्या त्याच शाखेच्या डॉक्टरने तशाच परिस्थितीत जी काळजी घेतली असती, ती घेतली गेली किंवा नाही, ही कायद्याची कसोटी आहे. ‘बोलम कसोटी’ या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व १९५७ मधील एका इंग्लिश खटल्यातून आले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते भारतात स्वीकारले. तो खटला मनोरुग्णालयातीलच होता, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे उपचार केल्यामुळे एका रुग्णाची हाडे मोडली होती. त्या काळी अनेक डॉक्टर तसे करीत असल्याने निकाल रुग्णाच्या विरोधात गेला. आज भारतात भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना असे उपचार करण्यास कायद्यानेच बंदी आहे. काळजीची पातळी काळाबरोबर उंचावते आणि न्यायालयाने ती घटनेच्या वेळच्या ज्ञानाच्या आधारे मोजायची असते, हे यावरून स्पष्ट होते.

मानसोपचाराच्या बाबतीत या कसोटीला एक विशेष अंग आहे. येथे हानी रुग्णाच्या स्वतःच्या कृतीतून झालेली असते. त्यामुळे ‘ज्याने ठरवलेच होते त्याला कोण अडवणार’ असा बचाव हमखास घेतला जातो. हा बचाव सरसकट मान्य होण्याजोगा नाही. रुग्णाला स्वतःपासून असलेला धोका कमी करणे हाच जेथे दाखल करून घेण्याचा हेतू असतो, तेथे त्या धोक्याकडे केलेले दुर्लक्ष ही कर्तव्यातील कसूर ठरू शकते. म्हणून ‘मृत्यू टळला असता का’ या प्रश्नाआधी दोन प्रश्न विचारावे लागतात. धोका उपचार करणाऱ्यांना माहीत होता किंवा माहीत व्हायला हवा होता काय? आणि तो माहीत असताना वाजवी ती खबरदारी घेतली गेली काय?

रुग्णाने पूर्वी केलेला प्रयत्न, डॉक्टरांसमोर व्यक्त केलेला विचार, कुटुंबीयांनी दिलेली सूचना, नुकताच केलेला औषधातील बदल या सर्व बाबी पहिल्या प्रश्नाशी संबंधित आहेत. धोक्याचे मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवणे, वॉर्डातील देखरेख वाढवणे, धोकादायक वस्तू दूर ठेवणे, घरच्यांना सावध करणे आणि पुढील भेटीची तारीख ठरवणे या बाबी दुसऱ्या प्रश्नात येतात.

२०१७ च्या कायद्याने घातलेली बंधने

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. काळजीची वाजवी पातळी कोणती, हे पूर्वी केवळ तज्ज्ञांच्या साक्षीवरून ठरवावे लागे. आता त्यातील बराच भाग या कायद्यात लिहिलेला आहे. त्यामुळे कुटुंबाच्या वकिलाच्या दृष्टीने हा कायदा महत्त्वाचा ठरतो.

कलम ९८ नुसार रुग्णाला घरी सोडताना जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याकडे राहणार आहे त्या कुटुंबीयांशी आणि पुढील उपचार करणाऱ्या तज्ज्ञाशी विचारविनिमय करून पुढच्या उपचारांची योजना आखणे बंधनकारक आहे. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात, हे वैद्यकशास्त्रास चांगले ठाऊक आहे. असे असताना हातात केवळ औषधांची चिठ्ठी देऊन रुग्णाला पाठवले असेल, तर ती कायद्याने घालून दिलेल्या कर्तव्यातील त्रुटी होय.

‘रुग्णानेच घरी जाण्याचा हट्ट धरला, आमचा नाइलाज झाला’ हेही उत्तर अनेकदा मिळते. स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाला त्याच्या मागणीवरून सोडावे लागते, हे खरे. मात्र स्वतःला इजा करून घेण्याचा धोका दिसत असेल, तर त्याची पुन्हा तपासणी करण्यासाठी २४ तासांपर्यंत त्याला थांबवून ठेवण्याची मुभा कलम ८८ देते. त्यानंतर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासून तसे मत दिल्यास, कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून ३० दिवसांपर्यंत रुग्णाला दाखल ठेवता येते. हे पर्याय विचारात घेतले गेले किंवा नाहीत, हे केसपेपरवरून दिसायला हवे.

आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती गंभीर मानसिक ताणाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते. तिला शिक्षा होऊ नये, तसेच तसा प्रसंग पुन्हा ओढवू नये यासाठी उपचार व पुनर्वसन पुरवण्याची जबाबदारी हे कलम सरकारवर टाकते. भारतीय दंड विधानातील ३०९ वे कलम ज्यात होते तो कायदाच १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाला. नव्या भारतीय न्याय संहितेत सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न वगळता आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिलेला नाही. त्यामुळे आधीच्या प्रयत्नानंतर रुग्णाला अपघात विभागात आणले असता केवळ शरीरावर उपचार करून, मानसोपचारतज्ज्ञाला न दाखवता घरी पाठवले असेल, तर कुटुंबाने या कलमाकडे बोट दाखवणे सयुक्तिक ठरते.

पहिले काही दिवस : पंचनामा आणि जबाब

आत्महत्येच्या प्रत्येक घटनेत पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला जातो. मुंबईत अशा मृत्यूंची चौकशी पूर्वी कोरोनरच्या न्यायालयात होत असे. १९९९ मध्ये ते पद रद्द झाल्यापासून शहरातही पोलिसांचीच चौकशी उरली आहे. या चौकशीचा उद्देश मृत्यूचे वरवर दिसणारे कारण नोंदवणे आणि त्यात घातपात नाही ना हे पाहणे एवढाच मर्यादित असतो. उपचार योग्य होते किंवा नव्हते, हा प्रश्न तिच्या कक्षेत सहसा येत नाही. तो कुटुंबालाच उपस्थित करावा लागतो.

याच वेळी नातेवाइकांचा जबाब घेतला जातो. अंत्यसंस्कारांची घाई, मनाची बधिर अवस्था आणि प्रकरण लवकर मिटावे ही इच्छा यामुळे ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार अथवा संशय नाही’ अशा मजकुराखाली सही केली जाते. अशा जबाबाने ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क संपत नाही. तथापि पुढे विरुद्ध पक्ष तो जबाब पुढे करणार, हे निश्चित असते. मनात शंका असेल, तर ‘उपचारांबाबतची कागदपत्रे पाहिल्यानंतर निर्णय घेऊ’ एवढे एक वाक्य जबाबात नोंदवून घेणे पुरेसे असते. रुग्ण कोठे, कोणाकडे आणि कधीपासून उपचार घेत होता, हेही जबाबात यावे. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि व्हिसेरा राखून ठेवला असल्यास रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यांच्या प्रती पोलीस ठाण्याकडे लेखी अर्ज करून मागाव्यात.

केसपेपर हाच मुख्य साक्षीदार

अशा प्रकरणांत मुख्य साक्षीदार हयात नसतो. त्याची जागा कागद घेतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी देणे, तसेच दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, केसपेपरच्या प्रती रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते. रुग्णालय सरकारी असल्यास माहितीच्या अधिकाराचा मार्गही खुला असतो.

मानसोपचाराच्या नोंदी गोपनीय असतात, हे कारण पुढे करून कुटुंबाला परत पाठवण्याचे प्रकार होतात. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. रुग्णालयाचे स्वतःच्या चुकांपासून संरक्षण करण्यासाठी तो दिलेला नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीने किंवा कायदेशीर वारसाने, नात्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडून, लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. तरीही नकार मिळाल्यास ग्राहक आयोग किंवा न्यायालय ते कागद सादर करण्याचा आदेश देऊ शकते. नकाराचे पत्र हाही एक पुरावाच होय, कारण संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही ग्राहक कायद्याच्या व्याख्येनुसार सेवेतील त्रुटी आहे.

अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ असे मोघम न लिहिता दाखल करतानाचा अर्ज व संमतिपत्र, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांच्या पाळीनिहाय नोंदी, औषधांचा तक्ता, धोक्याच्या मूल्यमापनाची नोंद, देखरेखीचा तक्ता, रुग्णाला बांधून किंवा एकांतात ठेवले असल्यास त्याबाबतची टिपणे, घरी सोडतानाचा सारांश आणि बिले अशी स्वतंत्र नावे लिहावीत. घटना रुग्णालयाच्या आवारात घडली असेल, तर सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचे पत्र पहिल्या काही दिवसांतच द्यावे. हे चित्रण ठरावीक काळाने आपोआप पुसले जाते. मृत व्यक्तीचा मोबाइल, डॉक्टरांना पाठवलेले संदेश, भेटीची वेळ मागण्यासाठी केलेले फोन यांच्या नोंदी कुटुंबाने स्वतः जपाव्यात. कोणत्या दिवशी काय घडले याचे तारीखवार टिपण आठवणी ताज्या असतानाच लिहून ठेवल्यास पुढे वकील आणि तज्ज्ञ दोघांचेही काम सोपे होते.

ग्राहक आयोग : सर्वांत वापराचा मार्ग

शुल्क आकारून दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात १९९५ मध्ये दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालीही ती स्थिती कायम आहे. ग्राहकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या कायदेशीर वारसांना तक्रार करता येते.

तक्रार कोणत्या आयोगाकडे करावयाची, हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या रकमेवरून ठरते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या बिलासाठी जिल्हा आयोग सक्षम असल्याने जवळजवळ सर्व प्रकरणे तेथेच दाखल होतात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यामुळे मुलगा पुण्यात उपचार घेत असताना दगावला आणि आईवडील सोलापुरात राहतात, अशा स्थितीत त्यांना पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रार केंद्र सरकारच्या ई-जागृती या संकेतस्थळावरून दाखल करता येते आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडण्याचीही मुभा आहे.

मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. ग्राहक आयोगात इतर तंटे मध्यस्थीकडे पाठवले जातात. मात्र मृत्यूस कारणीभूत झालेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे मध्यस्थीच्या नियमांनी त्यातून वगळली आहेत. अशा तक्रारीचा निर्णय आयोगानेच द्यावयाचा असतो.

तज्ज्ञाचे मत प्रत्येक ग्राहक तक्रारीत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात म्हटले आहे. वॉर्डात रात्रभर कोणीच फिरकले नाही, अशी चूक उघड असेल तर ती वस्तुस्थितीच पुरेशी बोलकी ठरते. परंतु औषधाची निवड, मात्रा किंवा निदान यांवर आक्षेप असेल, तर उपचारांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचे लेखी मत घेतल्याशिवाय पुढे जाणे शहाणपणाचे नाही. असे मत तक्रारीआधी घेतल्याचा आणखी एक लाभ असा, की काही वेळा तज्ज्ञ ‘उपचार योग्यच होते’ असे सांगतो. ते उत्तरही कुटुंबाला हवेच असते.

सरकारी रुग्णालयात घडल्यास

सर्वच रुग्णांना मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर राहते. काही रुग्णांकडून शुल्क आणि काहींना मोफत सेवा असा प्रकार असल्यास मात्र मोफत रुग्णाच्या वतीनेही तक्रार करता येते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांसारख्या सरकारी संस्थांबाबत ग्राहक आयोगाचे दार लागू पडते किंवा नाही, हे म्हणून प्रथम तपासावे लागते.

ते बंद असल्यास तीन पर्याय उरतात. पहिला, प्राणघातक अपघात कायदा, १८५५ खाली दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा. पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्या लाभासाठी हा दावा करता येतो आणि त्याची मुदत मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षे आहे. खासगी रुग्णालयाविरुद्धही हा मार्ग उपलब्ध आहे, परंतु त्यास न्यायालयीन शुल्क आणि वेळ अधिक लागतो. दुसरा पर्याय उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात वेळेवर वैद्यकीय मदत मिळण्याचा हक्क अंतर्भूत असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात भरपाई देवविली होती. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मानसिक आरोग्य हाही २१ व्या कलमाचा अविभाज्य भाग असल्याचे स्पष्ट केले आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. तिसरा पर्याय राज्य मानवी हक्क आयोगाचा. तेथे वकिलाची गरज नसते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

वैद्यक परिषद आणि पुनरावलोकन मंडळ

काही कुटुंबांना पैसे नको असतात; तीच चूक दुसऱ्याच्या बाबतीत घडू नये, एवढीच त्यांची मागणी असते. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद ताकीद देऊ शकते किंवा ठरावीक काळासाठी अथवा कायमची नोंदणी रद्द करू शकते. भरपाई देण्याचा अधिकार तिला नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. स्वतःस समुपदेशक म्हणविणाऱ्या व्यक्तीची कोठेच नोंदणी नाही, असे आढळण्याचा संभव असतो. त्या वेळी ग्राहक आयोग हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

२०१७ च्या कायद्याखाली स्थापन झालेली मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळे आणि राज्य प्राधिकरण यांच्याकडे संस्थेच्या सेवेतील त्रुटींबाबत तक्रारीची तरतूद आहे. परंतु ही यंत्रणा प्रामुख्याने हयात रुग्ण आणि त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी यांच्यासाठी आखलेली आहे. तिचा खरा उपयोग वेळीच होतो. रुग्ण दाखल असताना काळजी अपुरी वाटल्यास प्रथम संस्थेच्या प्रमुखाकडे आणि नंतर मंडळाकडे केलेली लेखी तक्रार जीव वाचवण्यास उपयोगी पडू शकते. मृत्यूनंतरही एक गोष्ट अवश्य तपासावी, ती म्हणजे संस्थेची या कायद्याखाली नोंदणी होती काय. विनानोंदणी मानसिक आरोग्य संस्था चालवणे हा दंडनीय प्रकार असून व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

फौजदारी तक्रार : कठीण वाट

संतापाच्या भरात बहुतेकांचा पहिला विचार डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याचा असतो. ‘आत्महत्येस प्रवृत्त केले’ हा आरोप अशा प्रकरणांत सहसा टिकत नाही, कारण त्यासाठी चिथावणी किंवा हेतुपूर्वक साहाय्य सिद्ध करावे लागते. दुर्लक्ष म्हणजे चिथावणी नव्हे. उरतो तो निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचा गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार त्यास पाच वर्षांपर्यंत, आणि नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना घडल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तथापि जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ, अतिशय उच्च प्रतीचा असला पाहिजे, असे ठरवले. पोलिसांनी डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी निष्पक्ष वैद्यकीय मत घ्यावे, ते शक्यतो सरकारी सेवेतील त्याच शाखेच्या डॉक्टरचे असावे आणि ऊठसूट अटक करू नये, असेही बजावले. याचा अर्थ फौजदारी तक्रार करूच नये असा नाही. वॉर्डातून रुग्ण बेपत्ता होऊनही कित्येक तास कोणी दखल घेतली नाही किंवा नोंदी मागाहून बदलल्या, असे प्रकार त्या पातळीवर जाऊ शकतात. परंतु फौजदारी तक्रार फेटाळली गेली म्हणून उपचार निर्दोष ठरत नाहीत. ग्राहक आयोगातील पुराव्याची कसोटी तुलनेने सौम्य असते आणि तेथील निर्णय स्वतंत्र असतो.

विम्याचा गैरसमज

आत्महत्या असल्यास आयुर्विम्याचे पैसे मिळत नाहीत, ही समजूत सर्वत्र आढळते आणि अनेक कुटुंबे त्यामुळे दावाच करीत नाहीत. प्रत्यक्षात पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा पुनरुज्जीवित केल्यापासून १२ महिन्यांच्या आत आत्महत्या घडल्यासच पूर्ण रक्कम नाकारली जाते. तेव्हाही पॉलिसी चालू असल्यास भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के रक्कम नामनिर्देशित व्यक्तीस मिळते. युनिट-संलग्न पॉलिसीत निधीचे मूल्य दिले जाते. १२ महिन्यांनंतर दावा पूर्ण देय असतो. आजार लपवल्याचे कारण सांगून दावा नाकारल्यास, विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षे पूर्ण झालेल्या पॉलिसीवर असा आक्षेप घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. कंपनीशी पत्रव्यवहार करून प्रश्न न सुटल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. वैयक्तिक अपघात विम्यात मात्र आत्महत्या सहसा वगळलेली असते. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांवर मृत्यूच्या स्वरूपाचा परिणाम होत नाही.

मोफत कायदेशीर मदत

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा लागू होते. म्हणजेच मृताची आई, पत्नी किंवा मुलगी तक्रारदार असल्यास ती या मदतीस आपोआप पात्र ठरते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो. १५१०० हा प्राधिकरणाचा आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा दूरध्वनी क्रमांक आहे.

खासगी वकील नेमताना त्याने वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे चालवली आहेत काय, हे विचारावे. भारतात वकिलाला मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारी ठरवून घेता येत नाही. तसा प्रस्ताव आल्यास सावध व्हावे. शुल्क, टप्पे आणि तज्ज्ञाच्या मताचा खर्च लेखी ठरवून घेणे हिताचे.

एक बाब अखेरीस नमूद करणे आवश्यक आहे. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात आणि प्रत्येक तारखेला तीच जखम उघडी पडते. समोरचा पक्ष घरातील भांडणे, कर्ज, परीक्षेतील अपयश असे सर्व काही पुढे आणणार, याची मनाची तयारी ठेवावी लागते. म्हणून तक्रार करायची की नाही, हा निर्णय पहिल्या महिन्यात घेण्याची घाई करू नये. परंतु कागदपत्रे मात्र पहिल्या महिन्यातच मागावीत. कागद हाती असले, म्हणजे दोन वर्षांच्या आत विचारपूर्वक ठरवता येते. ते नसले, तर ठरवण्याजोगे काही उरतच नाही. या काळात शोकात असलेल्या कुटुंबीयांनाही आधाराची गरज असते. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

न्यायालयाचा कोणताही निकाल गेलेल्या माणसाला परत आणत नाही. मात्र ‘त्याला वाचवण्यासाठी जे करायला हवे होते ते केले गेले काय’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यास कुटुंबाने स्वतःच्या माथी घेतलेला दोष पुष्कळदा हलका होतो. आणि चूक नोंदली गेली, तर त्याच वॉर्डात उद्या दाखल होणाऱ्या रुग्णाकडे थोडे अधिक लक्ष दिले जाते.